हिशेब विचारण्याची नोकरी

सीए, एम.कॉम. नाहीतर एमबीए फायनान्स झालं की पुढचा रस्ता ठरलेला: बँक, बिग फोर किंवा एखादी मल्टिनॅशनल. पण याच शिक्षणावर आणखी एक करिअर उभं राहतं. तिथे परफॉर्मन्स बोनस नाही, बिझनेस क्लासचा प्रवास नाही. अधिकार मात्र मोठा आहे. ‘पैसे कुठे गेले?’ असं थेट सरकारला विचारण्याचा!

शुक्रवारची संध्याकाळ. चर्चगेटचं एक कॉफी शॉप. बी.कॉम.चा आमचा जुना ग्रुप महिन्यातून एकदा इथे जमतो. एक जण नरिमन पॉइंटच्या परदेशी बँकेतून येतो, एक बीकेसीतल्या कन्सल्टन्सीतून. तिसरी मात्र चालतच येते. तिचं ऑफिस इथेच, महर्षी कर्वे रस्त्यावरच्या प्रतिष्ठा भवनात. महालेखाकारांच्या ऑडिट ऑफिसमध्ये ती असिस्टंट ऑडिट ऑफिसर आहे.

‘‘काय मॅडम, पाचला सुटलात की साडेपाचला?’’ हा बँकवाल्याचा दरवेळचा जोक. त्यावर सगळे हसतात, तीही हसते. या वेळी मात्र ती म्हणाली, ‘‘परवा टूरवरून आले. चार वर्गखोल्या मोजून आले.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘कागदावर सहा होत्या.’’

टेबलावर एकदम शांतता. मग तिने सगळं सांगितलं. एका जिल्ह्यातली शाळा. नव्या वर्गखोल्यांचं बिल पूर्ण निघालेलं. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, सगळ्या नोंदी व्यवस्थित, सह्या जागच्या जागी. ऑफिसात बसून फाइल पाहिली असती तर सगळं ओकेच होतं. पण हिने खात्याच्या इंजिनिअरला बरोबर घेऊन संयुक्त पाहणी केली. टेप लावली, फोटो काढले, दोघांच्या सह्यांचा कागद तयार केला. सहा खोल्यांचे पैसे गेले होते, खोल्या चारच. बाकी दोन वर्गांची मुलं व्हरांड्यात बसत होती.

‘‘तुमच्याकडे आकडा चुकला तर क्लायंट चिडतो,’’ ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे कुणीतरी व्हरांड्यात बसतं.’’

त्यानंतर ‘पाच की साडेपाच’ हा जोक कुणी केला नाही.

दुकानाचा हिशेब आणि देशाचा हिशेब

कॉलेजात आपण जे अकाउंट्स शिकतो ते मुळात एका प्रश्नाचं उत्तर देतं: धंद्यात नफा झाला की तोटा? सरकारी हिशेबात हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. तिथे तीन वेगळे प्रश्न असतात. खर्चाला परवानगी होती का? पैसे ज्या कामासाठी मंजूर झाले त्याच कामावर गेले का? आणि त्या पैशांत जे मिळायला हवं होतं ते लोकांना मिळालं का?

यातली परवानगीची भानगड थेट राज्यघटनेतून येते. सरकारकडे जमा होणारा कर आणि सरकारने काढलेलं कर्ज एकत्रित निधीत जातं आणि विधिमंडळाने किंवा संसदेने मंजुरी दिल्याशिवाय त्यातला रुपयाही काढता येत नाही. अचानक आलेल्या संकटासाठी आकस्मिकता निधी असतो. आणि कर्मचाऱ्यांचा प्रॉव्हिडंट फंड, ठेवी असा जो पैसा सरकारचा नसून फक्त सरकारकडे सांभाळायला असतो, तो लोकलेख्यात. तीन खिसे आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

दुसरा मोठा फरक म्हणजे सरकारी हिशेब अजूनही मुख्यतः रोख पद्धतीने चालतो. पैसा प्रत्यक्ष आला किंवा गेला की नोंद. काम मार्चमध्ये झालं, बिल एप्रिलमध्ये निघालं, तर खर्च पुढच्या वर्षात. आणि ३१ मार्चच्या रात्री न वापरलेलं अनुदान लॅप्स होतं. त्यामुळे मार्च एंडला कोषागारात बिलांचे जे ढीग लागतात, त्यातलं कुठलं बिल खरं आणि कुठलं नुसतं ‘पैसे संपवायचे म्हणून’, हे ओळखणारी नजर फार कामाची ठरते. आता बिलं ऑनलाइन जातात. राज्यात बजेटसाठी ‘बीम्स’ आणि पगारासाठी ‘सेवार्थ’, तर केंद्रात ‘पीएफएमएस’ अशा सिस्टिम आहेत. ढीग स्क्रीनवर गेले, पण नजर माणसाचीच लागते.

ठेवणारे आणि तपासणारे

या क्षेत्रात शिरण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. इथे दोन वेगळी घराणी आहेत: हिशेब ठेवणारी आणि हिशेब तपासणारी.

तपासणाऱ्यांचे प्रमुख म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, आपल्या भाषेत ‘कॅग’. या खात्याची मुळं १८६० पर्यंत जातात. त्या वर्षीच्या १६ नोव्हेंबरला पहिल्या ऑडिटर जनरलनी सूत्रं हाती घेतली, म्हणून २०२१ पासून तो दिवस ‘ऑडिट दिवस’ म्हणून साजरा होतो. कॅगच्या हाताखाली देशभर इंडियन ऑडिट अँड अकाउंट्स सर्व्हिसचे अधिकारी असतात आणि त्यांचं ट्रेनिंग शिमल्याच्या राष्ट्रीय अकादमीत होतं. महाराष्ट्रात महालेखाकारांची कार्यालयं मुंबई आणि नागपूर अशी दोन्हीकडे आहेत.

केंद्र सरकारचे हिशेब ठेवण्याचं कामही पूर्वी याच खात्याकडे होतं. १९७६ मध्ये ते वेगळं झालं आणि इंडियन सिव्हिल अकाउंट्स सर्व्हिस जन्माला आली. सैन्यदलांसाठी इंडियन डिफेन्स अकाउंट्स सर्व्हिस आहे. तिचं एक मोठं ऑफिस आपल्या पुण्यात आहे आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब तिथून चालतो. राज्यांत मात्र गंमत आहे. राज्याचे हिशेब आजही महालेखाकारांचीच ‘लेखा व अनुज्ञेयता’ शाखा संकलित करते. सरकारी कर्मचाऱ्याच्या पेन्शनचं प्रकरण जिथे अडतं किंवा सुटतं, ते टेबल याच शाखेत असतं.

महाराष्ट्र सरकारची स्वतःची फौज वेगळी. महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतले अधिकारी जिल्ह्यात कोषागार अधिकारी होतात, जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी होतात, मंत्रालयात आणि महामंडळांत जातात. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या संस्थांवर नजर ठेवायला स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय आहे. थोडक्यात, ‘सरकारी अकाउंटन्ट’ नावाची एकच नोकरी नसते. सगळ्यांची मिळून एक अख्खी इंडस्ट्रीच आहे.

आक्षेप कसा लिहितात?

या नोकरीतलं सगळ्यात थ्रिलिंग काम कोणतं, असं विचारलंत तर उत्तर एका साध्या कागदात आहे. ऑडिटवाले त्याला ‘हाफ मार्जिन’ म्हणतात. कागदाच्या अर्ध्या भागात ऑडिटरने प्रश्न लिहायचा, उरलेला अर्धा भाग खात्याच्या उत्तरासाठी कोरा ठेवायचा. आता हे बरंचसं कॉम्प्युटरवर होतं, पण तत्त्व तेच. समोरच्याला बोलण्याची पूर्ण संधी आणि जे बोलाल ते लेखी.

उत्तर पटलं तर विषय संपला. नाही पटलं तर तो मुद्दा तपासणी अहवालात जातो. मुद्दा मोठा असेल तर वाढत वाढत कॅगच्या अहवालातला परिच्छेद होतो. खात्यात त्याला ‘पॅरा’ म्हणतात. अहवाल विधिमंडळात किंवा संसदेत मांडला जातो आणि पुढे लोकलेखा समितीसमोर जातो. संसदेच्या या समितीत २२ खासदार असतात आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. तिथे खात्याच्या सचिवांना बसून उत्तरं द्यावी लागतात. तालुक्याच्या गावात टेप घेऊन उभ्या असलेल्या पंचविशीतल्या मुलीच्या नोंदीची झेप इतकी लांब असू शकते.

आकडा लिहिणं ही केवढी जोखीम आहे, तेही बघा. २०१० च्या टूजी स्पेक्ट्रम अहवालात संभाव्य तोट्याचा १.७६ लाख कोटींचा आकडा आला आणि देश हादरला. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ लायसन्स रद्द केली. २०१७ मध्ये खास कोर्टाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. तो तोटा मोजायची पद्धत बरोबर होती का, यावर आजही वाद घालणारे आहेत. नव्या ऑडिटरने यातून एकच धडा घ्यायचा. तुमचा आकडा पेपरात, कोर्टात, संसदेत सगळीकडे तपासला जाणार आहे. त्यामुळे लिहिण्याआधी तो दहा वेळा तपासायचा. सनसनाटी पॅरापेक्षा टिकणारा पॅरा महत्त्वाचा.

आणि या पदाचं वजन आपल्याकडे कुणी ओळखलं होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ते स्वतः अर्थशास्त्राचे पंडित, रुपयाच्या प्रश्नावर आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिलेले. मे १९४९ मध्ये घटना समितीत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षक हा राज्यघटनेतला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी असल्याचं म्हटलं होतं. म्हणूनच कॅगला पदावरून काढणं सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकंच अवघड आहे आणि निवृत्तीनंतर त्यांना सरकारचं दुसरं कुठलंही पद घेता येत नाही. वरच्याला ही ढाल असेल, तरच खालच्याला निर्धास्तपणे प्रश्न विचारता येतो.

तुमच्या नळाचाही ताळेबंद असतो

दिल्ली-मंत्रालय लांबचं वाटतंय? मग महापालिका घ्या. वर्षानुवर्षं आपल्या पालिका ‘आले-गेले’ एवढाच हिशेब ठेवायच्या. शहरातले रस्ते, पाइपलाइन, जमिनी यांची किंमत किती, घरपट्टीची थकबाकी किती, देणी किती, हे एका ताळेबंदात दिसायचंच नाही. २००४ मध्ये राष्ट्रीय महापालिका लेखा नियमावली आली आणि द्विनोंदी, उपार्जित पद्धतीकडे जाण्याचा रस्ता आखला गेला. म्हणजे कॉलेजात घोटून घेतलेलं डबल एन्ट्री इथे थेट उपयोगाला येतं.

याने फरक काय पडतो? पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये दहा वर्षं मुदतीचे २०० कोटींचे रोखे विकायला काढले, पाणीपुरवठा योजनेसाठी. मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. गुंतवणूकदार नुसत्या भाषणावर पैसे देत नाही. त्याला ताळेबंद हवा, क्रेडिट रेटिंग हवं, ऑडिट झालेले हिशेब हवेत. हिशेब नीट असले की शहराला बाजारातून कर्ज मिळू शकतं, आणि विस्कळीत असले की नळाला पाणी यायला आणखी काही वर्षं जातात. अकाउंट्स डिपार्टमेंटचा आणि तुमच्या बादलीचा संबंध इतका सरळ आहे.

एन्ट्री कुठून?

यूपीएससी: सिव्हिल सर्व्हिसेस परीक्षेतूनच ऑडिट अँड अकाउंट्स, सिव्हिल अकाउंट्स आणि डिफेन्स अकाउंट्स या गट ‘अ’ सेवा मिळतात. कुठल्याही शाखेची पदवी चालते. वय २१ ते ३२ आणि खुल्या गटाला सहा प्रयत्न. राखीव गटांना सवलत आहे.

एसएससी: स्टाफ सिलेक्शन कमिशनची कम्बाइन्ड ग्रॅज्युएट लेव्हल, म्हणजेच सीजीएल. यातून ऑडिटर, अकाउंटन्ट आणि असिस्टंट ऑडिट ऑफिसर ही पदं भरतात. पदवी कुठलीही चालते, पण असिस्टंट ऑडिट ऑफिसरसाठी सीए, कॉस्ट अकाउंटन्सी, एम.कॉम., एमबीए फायनान्स अशी पात्रता इष्ट मानली जाते. रुजू झाल्यावर खात्याची ‘एसएएस’ परीक्षा पास व्हावी लागते. ती सोपी नाही, आधीच सांगून ठेवतो.

एमपीएससी: महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेचं दार इथून उघडतं. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे नुसते पर्याय घोटून भागणार नाही. या पदांसाठी शैक्षणिक पात्रतेच्या अटी वेगळ्या असतात, तेव्हा जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

लेखा व कोषागारे संचालनालय: कनिष्ठ लेखापालाच्या जागा यांच्यामार्फत भरल्या जातात. जिल्ह्यात राहून सुरुवात करायची असेल तर हा चांगला मार्ग.

नोकरी न करता: प्रॅक्टिसमधल्या सीएंनाही इथे काम आहे. सरकारी कंपन्यांचे वैधानिक लेखापरीक्षक कॅग नेमतात. कंपनी कायदा २०१३ मध्ये तशी तरतूद आहे. त्यासाठी फर्मला कॅगच्या पॅनेलवर नाव नोंदवावं लागतं.

पगार, पेन्शन आणि बदली

आता मुद्द्याचं बोलू. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यानुसार ऑडिटरचा सुरुवातीचा मूळ पगार महिना २९,२०० रुपये, असिस्टंट ऑडिट ऑफिसरचा ४७,६०० आणि यूपीएससीतून आलेल्या अधिकाऱ्याचा ५६,१००. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे. बीकेसीवाल्या मित्राच्या पॅकेजसमोर हे किरकोळ वाटेल. चाळिशीपर्यंत तो तुमच्या कितीतरी पुढे गेलेला असेल, हेही मान्य करून टाका.

जुनी पेन्शन तर केंद्रात जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना नाहीच. त्यांच्यासाठी एनपीएस आहे आणि एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन स्कीमचा पर्याय मिळाला आहे. तेव्हा ‘सरकारी नोकरी म्हणजे म्हातारपणाची सोय’ या एकाच कारणासाठी इकडे येऊ नका.

बदल्या होतात. गट ‘अ’मध्ये तर देशभर. फाइल हळू चालते, प्रमोशन वेळेनुसार येतं, कितीही झटलात तरी शेजारच्या टेबलाएवढंच इन्क्रिमेंट. तुम्ही जिवाचं रान करून लिहिलेला पॅरा काही वर्षं समितीच्या अजेंड्यावर नंबर लागण्याची वाट बघत राहू शकतो. हे ज्याला सहन होत नाही, त्याचं इथे डोकं फिरतं.

कमाई वेगळी आहे. पंचविशीत तुम्ही हॉस्पिटल, धरण, बंदर, शिष्यवृत्ती, रेशन अशा दहा गोष्टी आतून बघता. कुठल्या कन्सल्टन्सीत एवढं वैविध्य मिळेल? आणि परदेशवारी अगदीच नाही असंही नाही. भारताचे कॅग २०१४ ते २०२० या काळात संयुक्त राष्ट्रांच्या लेखापरीक्षक मंडळावर होते, आणि २०२० पासून जागतिक आरोग्य संघटनेचे बाह्य लेखापरीक्षक झाले. या ऑडिटसाठी टीम आपल्याच खात्यातून जातात.

तुम्हाला जमेल का?

स्वतःला तीन प्रश्न विचारा.

एक, कंटाळवाणे कागद वाचता येतात का? खरी भानगड पहिल्या पानावर कधीच नसते. ती पंचाहत्तराव्या व्हाउचरच्या तारखेत असते. काम रविवारी पूर्ण आणि मालाची पावती सोमवारची, असं काहीतरी.

दोन, लोकांनी तोंड वाकडं केलं तर चालतं का? ऑडिट पार्टी आली की ऑफिसात कुणाला आनंद होत नाही. चहा येतो, पण प्रेमाने नाही.

तीन, आणि हा सगळ्यात अवघड: नाही म्हणता येतं का? प्रत्येक वेळी पाकीटच येतं असं नाही. आधी गाडी येते. ‘मॅडम, स्टेशनपासून लांब आहे हो.’ मग जेवण येतं. ‘आमच्याकडची मटणाची भाजी खाऊन बघा.’ मग येतं, ‘तेवढा एक मुद्दा जरा सौम्य करता आला तर...’ खोटं लिहा असं कुणी म्हणत नाही, फक्त थोडं कमी लिहायला सांगतात. इथेच ही नोकरी टिकते किंवा विकली जाते. ते तुमच्या मार्कशीटवरून कुणालाच कळत नाही.

आमच्या मैत्रिणीची यावरची युक्ती अगदी घरगुती आहे. टूरवर ती डबा घेऊन जाते. पोळी, भाजी, खजुराचे दोन लाडू. ‘‘डायट चालू आहे, असं सांगते,’’ ती म्हणाली, ‘‘कुणाचा अपमान होत नाही आणि दुपारी हाफ मार्जिन लिहिताना हात जड होत नाही.’’

‘‘मग त्या शाळेचं पुढे काय झालं?’’ कन्सल्टन्सीवाल्याने विचारलं.

‘‘अजून काही नाही. उत्तर यायचंय. कदाचित वसुली होईल, कदाचित दोन खोल्या घाईघाईने बांधतील आणि म्हणतील, बघा, सहाच आहेत.’’ तिने खांदे उडवले. ‘‘खोल्या झाल्या तरी मला चालतंय. पण त्या तारखेला त्या चार होत्या, हे आता कुणाला पुसता येणार नाही.’’

बिल आलं. चौघांत वाटून झालं. निघताना बँकवाला जरा मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, ‘‘ऐक ना, माझी धाकटी बहीण एम.कॉम. करतेय. त्या सीजीएलची जाहिरात साधारण कधी येते गं?’’